मला घासू नका, मी पुरावा आहे

मी एक वाटी बोलतेय. स्टीलची. थांबा ना, लगेच पान उलटू नका! मला माहितीये, तलवारी बोलतात, वडाची झाडं बोलतात, वाटीचं कोण ऐकतं? पण माझ्यासारखं आयुष्य एखाद्या तलवारीचंही नसेल, सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते ठाणे स्टेशनजवळचं भांड्यांचं दुकान. आम्ही सहा जणी एकात एक बसून एका पिशवीत होतो. बाजूच्या पिशवीत अजून सहा जणी, डिट्टो आमच्यासारख्या. दोन बायका एकदमच आल्या. एकीने आमची पिशवी उचलली, दुसरीने ती. मग दुकानदाराने ते घुर्रर्र करणारं मशीन काढलं आणि आमच्या पोटावर नावं घातली. गुदगुल्या म्हणजे काय गुदगुल्या! माझ्यावर आलं ‘सरोज भ.’ त्यातला भ म्हणजे भगवानकाका, सरोजकाकूंचे मिस्टर. बाजूवालीवर आलं ‘हेमा’. बस, आमच्यात फरक तेवढाच. नाव झाकलं तर आमचा दुकानदारही आम्हाला ओळखणार नाही.

नौपाड्यात एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सरोजकाकू आणि हेमाकाकू समोरासमोर राहतात. आणि तिथे एक कडक नियम आहे, संविधानापेक्षा कडक. शेजारच्यांची वाटी रिकामी परत पाठवायची नाही.

या नियमामुळे माझं जे काही झालंय! मी खीर घेऊन समोर गेले, तर येताना लाडू घेऊन आले. लाडू आले म्हणून काकूंनी पुन्हा मलाच चकल्या घालून पाठवलं. मागे एकदा मी थालीपिठाची भाजणी घेऊन समोर गेलेले, ते थेट भाद्रपद उजाडेपर्यंत तिथेच. का, तर हेमाकाकूंना माझ्यात घालायला काही ‘बरं’ सुचत नव्हतं. सहा महिने! घरी माझ्या पाच बहिणी, आणि मी समोरच्या मांडणीत, ‘हेमा’ला चिकटून.

तर गणपतीच्या आधीचा रविवार. सकाळी आठच्या सुमारास हेमाकाकूंची ऋजुता घरी आली. ऋजुता म्हणजे एमएस्सी बॉटनी, वय तेवीस, बुटांना चिखल, केसांत पान. हातात टिफिनचा डबा असा धरलेला, जसं काही आत तान्हं बाळ आहे.

“आई, दोन वाट्या दे पटकन. सेम साइजच्या.”

“दूध प्यायचंय?”

“आई, प्लीज.”

हेमाकाकूंचे हात कणकेत. त्या म्हणाल्या, घे मांडणीतून. तिने हात घातला आणि निघालो आम्ही दोघी. मी आणि ‘हेमा’. नशीब म्हणतात ते हेच असावं.

डब्यात दोन अळंब्या होत्या. आता मला वाटलेलं अळंबी म्हणजे पांढरी, गुबगुबीत, मटर घालून करतात ती. या कसल्या! तपकिरी, चपट्या, कडेला पांढरी किनार, वरून मखमलीसारख्या. लांबून बघितलं तर नानकटाई. ऋजुताने एक उलटी केली आणि मी हादरलेच. खाली दात! खरंच सांगते, बारीक बारीक, टोकदार, शेकडो दात, खाली लोंबणारे.

“अण्णा, बघा ना,” तिने बाबांना ओढूनच आणलं. अण्णा रिटायर्ड हेडमास्तर, चष्मा कपाळावर.

“दोन्ही सारख्याच दिसतायत मला,” अण्णा म्हणाले.

“तोच तर प्रॉब्लेम आहे ना! या चुलत बहिणी आहेत. एक थोरली, एक धाकटी, मी आपलं नाव दिलंय. वरून सेम. कोवळ्या असताना दातसुद्धा सेम. पण दोन्ही वेगळ्या जाती आहेत, आणि दोन्ही जगात कमी कमी होत चालल्यात. थोरली वाळायला लागली की मेथीसारखा वास मारते. धाकटीला ओल्या पिठाचा वास. पण वास म्हणजे प्रूफ नाही. खरं प्रूफ दातांमधून पडतं. बी म्हणा हवं तर, पण धुळीसारखं बारीक. थोरलीची धूळ पांढरी, धाकटीची तपकिरी.”

तिने एक कागद घेतला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. असेच दोन केले. कागदावर अळंबी ठेवली, दात खाली. वर वाटी पालथी. थोरलीवर मी, धाकटीवर ‘हेमा’. वारा लागू नये म्हणून. आणि वहीत लिहून ठेवलं की कुठली कुणाखाली आहे. म्हणजे, तिने आमची नावंच हेडिंग म्हणून टाकली. सोप्पं पडतं ना. इथेच पुढचा सगळा घोळ आहे, लक्षात ठेवा.

“आणि एवढी घाई कसली?” अण्णांनी विचारलं.

घाई होती खरी. घोडबंदर रोडला ‘शिखरवन’ नावाची एक टाउनशिप. तिच्या मागे टेकडीचा एक तुकडा, जुनी झाडं. तिथे काँक्रीटचा जॉगिंग ट्रॅक करायचा ठरलेला, सोमवारी सकाळी मशीन येणार होतं. ट्रॅक जाणार नेमका जिथे या बहिणी उगवतात तिथून. तिथल्या माळ्याने, काळुरामदादांनी, ऋजुताला त्या दाखवल्या होत्या. थोरल्या एकूण पाच, धाकट्या तीन. त्यातली एकेकच तिने उचलली, जास्त घ्यायचा तिचा धीर झाला नाही. संध्याकाळी साडेसहाला कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी सौमित्र म्हणालेला, “दोन वेगळ्या रेअर जाती आहेत असं दाखवा, आम्ही ट्रॅक वळवू. नाहीतर सॉरी, एका अळंबीसाठी अख्खी टेकडी कोण सोडणार?”

“त्या झाडांच्या मुळांशी बांधलेल्या असतात, अण्णा. झाड त्यांना साखर देतं, त्या झाडाला पाणी आणि क्षार देतात. मातीखाली सारखी देवाणघेवाण. एकदा फूटभर खणलं की खल्लास.”

“म्हणजे आपल्या मजल्यासारखंच की,” अण्णा म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

ऋजुता निघाली डोंबिवलीला, मैत्रिणीचा, उर्वीचा मायक्रोस्कोप आणायला. जाताना ओरडली, “आई, टेबलाला हात लावू नकोस हं! पाचपर्यंत!”

मिक्सर चालू होता. तुम्हीच सांगा, मिक्सर चालू असताना बोललेलं कधी कुणाला ऐकू गेलंय का?

मी आपली थोरलीवर बसून. आत अंधार, ओलसर, शांत. आणि काहीतरी पडत होतं. आवाज नाही, वजन नाही, पण पडत होतं. मी आयुष्यात खीर बघितली, आमटी बघितली, श्रीखंड बघितलं. इतकं हळू वाढणारं कुणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, आरामात वाढ. मी कुठे जातेय?

गेलेच ना!

अकरा वाजता हेमाकाकूंनी गणपतीची आवराआवर काढली. त्यातलं पहिलं काम, लोकांची भांडी लोकांना. सणाला घरात दुसऱ्याचं भांडं नको. कुणाचा डबा, कुणाचं पातेलं, सगळं ओट्यावर आलं. मग नजर पडली टेबलावर.

“अगं बाई! सरोजची वाटी! सहा महिने झाले!”

उचललं मला. खाली थोरली. काकूंनी ती हातात घेतली, वरून बघितली, हुंगली. उलटी करून नाही बघितली, हे विशेष.

“अहो, ऋजुताने घोडबंदरवरून काहीतरी आणलंय. ते नाही का मिळत आजकाल, नाचणीचं बिस्किट. मेथी आहे वाटतं यात.”

“असेल,” पेपरमागून अण्णा.

“बरं झालं बाई. वाटी रिकामी नाही जाणार.”

घातली थोरलीला माझ्यात, दात खाली. वर ताटली. कागद गेला ओल्या कचऱ्यात, चहाचा चोथा आणि भेंडीच्या देठांसोबत. आणि ‘हेमा’? तिला हातसुद्धा लावला नाही. ती घरचीच ना, ती कुठे परत करायचीये! बघा, एकाच साच्यातल्या दोघी, पण नावामुळे एकीचा प्रवास सुरू आणि दुसरी जागच्या जागी.

अण्णांनी मला समोर नेऊन दिलं. सहा महिन्यांनी घरी! माझ्या बहिणी मांडणीतून बघतायत, मी भाव खातेय. सरोजकाकूंनी ताटली काढली.

“हे काय? सहा महिन्यांनी एक बिस्किट?”

भगवानकाका चहा घेत होते. त्यांनी थोरलीची कड चिमटीत धरून वाकवली. “हे वाकतंय गं. तुटत नाही.”

“सादळलंय. शिळं पाठवलंय हेमाने. ठेवा ते, ठेवा खाली. तुमचे दात आधीच हलतायत.”

त्यांनी ठेवलं. वर ताटली, आणि आमची रवानगी फ्रिजवर. थोरली बिचारी पुन्हा दात खाली करून बसली. ताटलीखाली पुन्हा अंधार झाला आणि ती पुन्हा आपल्या कामाला लागली. मी फ्रिजच्या घुंघुंवर डुलत होते. पाच तास! काकू खालून जाता-येता माझ्याकडे असं बघायच्या की मीच काही गुन्हा केलाय.

साडेचारला त्यांचा निश्चय झाला. “मी जाऊन विचारतेच. एवढी वर्षं मी हिला साजूक तुपातलं पाठवते.”

निघालो. हेमाकाकूंचं दार उघडंच होतं. हेमाकाकू आत पडदे लावत होत्या. सरोजकाकू मला हातात धरून टेबलाशी थांबल्या. टेबलावर वही उघडी. वरती ठळक अक्षरात लिहिलेलं, सरोज.

माणूस स्वतःचं नाव दिसल्यावर वाचल्याशिवाय राहतो का? काकूंनी वाचलं, आणि चांगलं मोठ्याने वाचलं.

“सरोज. रंग तपकिरी, कडेने पांढरी पडलेली. अंगावर बारीक लव. दात आखूड आणि दाट. अतिशय चिवट, वाकते पण तुटत नाही. वाळली की मेथीचा वास येतो.”

पडद्याची दांडी आत कुठेतरी धाडकन पडली.

“हेमा!” सरोजकाकूंचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असेल. “तुझी मुलगी माझ्यावर निबंध लिहिते? मी वाळले? मला मेथीचा वास येतो?”

“काहीतरीच काय सरोज, बघू इकडे.” हेमाकाकूंनी वही घेतली. पुढचं पान त्यांनी वाचलं. “हेमा. वरवर पाहता सरोजसारखीच. वय झाल्यावर दात तपकिरी होतात. ओल्या पिठाचा वास.” त्या थांबल्या. मग एकदम हळू आवाजात, “वाढताना वाटेत येईल ते सगळं पोटात घेते.”

“हे मात्र बरोबर लिहिलंय,” सरोजकाकू म्हणाल्या.

“सरोज!”

“नाही म्हणजे, मागे त्या लग्नाच्या पंगतीत तू...”

“खाली बघ काय लिहिलंय. दोघीही दुर्मिळ. धक्का लागला तर पुन्हा दिसणार नाहीत.”

ते वाक्य दोघींनाही जरा लागलं असावं. अण्णा पेपर घडी करून उभे राहिले. हेडमास्तर असताना असे प्रसंग यायचे तेव्हा ते काय करायचे देव जाणे, आत्ता ते चष्मा पुसत राहिले.

तेवढ्यात ऋजुता आली, पाठीला मायक्रोस्कोपची बॅग, घामाघूम. टेबल बघितलं. एक वाटी. एक कागद. बस.

“आई, सरोज कुठंय?”

“ही काय समोर उभी आहे!” सरोजकाकू.

“तुम्ही नाही काकू. वाटी! वाटीखालची!”

मग सगळं बाहेर आलं. नाचणीचं बिस्किट, ओला कचरा, चहाचा चोथा. ऋजुता खुर्चीत बसली ती बसलीच. ‘हेमा’ उचलून बघितली, तिच्याखाली कागदाच्या पांढऱ्या अर्ध्यावर मस्त तपकिरी ठसा, टिंब टिंब. पण माझा कागद गेला. घड्याळात सव्वापाच. नवीन ठसा घ्यायला परत तासन्‌तास लागणार.

“एकच ठसा घेऊन गेले तर ते म्हणणार एकच जात आहे,” ती म्हणाली. रडत नव्हती, पण नाक लाल झालेलं. “काळुरामदादा तिथे वाट बघत असतील. मी त्यांना प्रॉमिस केलंय. उद्या सकाळी मशीन येणारेय, आई.”

हेमाकाकूंचा चेहरा बघवत नव्हता. सरोजकाकूंचाही राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी माझ्यावरची ताटली काढली, थोरलीला अलगद ऋजुताच्या तळहातावर ठेवलं. “घे गं तुझी ती. मी खाल्ली नाही हो. वाटी तेवढी विसळून ठेवते, नाहीतर तिला वास लागेल.”

आणि निघाल्या ना मला घेऊन सिंककडे! नळ सुरू केला! मी ओरडतेय, काकू, नको, आत बघा, आत बघा! वाटीचं कोण ऐकतं, हे मी सुरुवातीलाच म्हटलेलं.

पहिला थेंब माझ्या काठावर पडला आणि ऋजुताची किंकाळी आली. “काकू, धुऊ नका!”

तिने मला हिसकावलंच. खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. माझ्या तळाशी पांढरी धूळ. पिठीसाखर भुरभुरावी तशी. नीट गोल, टिंब टिंब, एकेका दाताखाली एकेक. पाच तास फ्रिजवर बसून थोरलीने आपलं काम पूर्ण केलं होतं, कागदाशिवाय. माझ्यावरच.

त्यातली कणभर मायक्रोस्कोपखाली गेली. ऋजुताने बघितलं, मग अण्णांना बघायला लावलं. “काटे आहेत ना? बारीक, पांढऱ्या गोळ्यांना काटे? म्हणजे थोरलीच!”

“आहेत,” अण्णा म्हणाले. “आणि फार सुरेख आहेत.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते भांडं म्हणजे मी!

आता प्रश्न मला न्यायचा. सरोजकाकू म्हणाल्या, सेट मोडायचा नाही, मी पण येते. त्या येतात म्हटल्यावर हेमाकाकू पण. तर रिक्षात मागे तिघी, ऋजुताच्या मांडीवर मी ताटली घालून, आणि घोडबंदर रोडला जे ट्रॅफिक लागलं! रिक्षावाला दर खड्ड्याला ब्रेक मारायचा आणि तिघी एकदम ओरडायच्या, “हळू! वाटी आहे!” शेवटी त्याने विचारलं, आत काय आहे, सोनं? सरोजकाकू म्हणाल्या, “बिस्किटाची धूळ. तुम्ही पुढे बघा.”

पोचलो पावणेसातला. क्लबहाऊसमध्ये एसी, वीसेक माणसं, दाराशी काळुरामदादा हात बांधून. सौमित्र तिशीतला, टॅब घेऊन. ऋजुताने दोन्ही अळंब्या टेबलावर ठेवल्या आणि सुरुवात केली. तो बघत राहिला.

“मॅडम, नो ऑफेन्स. पण या सेम आहेत ना?”

ऋजुता दम घेत होती. सरोजकाकूंनी तिच्या हातातून मला घेतलं. हेमाकाकूंनी पर्समधून आपली वाटी काढली, कशाला आणलेली कुणास ठाऊक. दोन्ही वाट्या टेबलावर.

“या सेम आहेत?” सरोजकाकूंनी विचारलं.

“हो. म्हणजे, वाट्या आहेत.”

“बाळा, तिच्यावर तिचं नाव आहे, माझ्यावर माझं. जवळ येऊन बघावं लागतं. ये इकडे. आत बघ. फुंकर मारलीस तर बघ!”

तो श्वास धरून वाकला. माझ्या आत पांढरा ठसा. ऋजुताने बाजूला तपकिरी ठशाचा कागद ठेवला. वीस माणसं एकेक करून आली, सगळी तोंडावर हात ठेवून, जशी काही मी पाळण्यातलं बाळ. ऋजुताने मग साखरेचं आणि पाण्याचं सांगितलं, झाडाचं आणि यांचं.

“म्हणजे एकमेकांना वाटी रिकामी पाठवत नाहीत,” हेमाकाकू म्हणाल्या. आजवर मुलीच्या अभ्यासातलं त्यांना पहिल्यांदा काही कळलं असेल.

सौमित्रने दाराकडे बघितलं. “काळुराम, तुम्हाला माहीत होतं दोन आहेत ते?”

“मी लहान होतो तेव्हापासून बघतोय साहेब,” काळुरामदादा म्हणाले. “तुम्ही विचारलंच नाही.”

ट्रॅक वळला. पूर्ण रद्द नाही झाला हं, खोटं कशाला बोलू. पार्किंगच्या बाजूने गेला. पण मशीन त्या उतारावर चढलं नाही. तिथे आता दोरी बांधलीय आणि काळुरामदादा कुणाला आत जाऊ देत नाहीत, सौमित्रला पण नाही.

आणि मी? मी आता ऋजुताच्या कॉलेजात, काचेच्या कपाटात. आत पांढरा ठसा तसाच, वर काचेची चकती. बाजूला थोरली, वाळून टणक झालेली, आणि मेथीचा वास म्हणाल तर अख्ख्या कपाटाला. खाली चिठ्ठी आहे, तिच्यावर लांबलचक लॅटिन नाव, आणि पुढे ऋजुताने लिहिलंय, ‘ठसा सरोज भ. यांच्या वाटीत’. सरोजकाकू येऊन फोटो काढून गेल्या. मेथीचं वाक्य वहीतून खोडायला लावलं, पण ‘दुर्मिळ’ तसंच ठेवायला सांगितलं.

सेट मोडला म्हणून त्या दोन दिवस हळहळल्या. मग हेमाकाकूंनी ‘हेमा’ नेऊन दिली, मोदक घालून. आता काकूंच्या मांडणीत पाच सरोज आणि एक हेमा. कळलं तेव्हा मला थोडं भरून आलं. स्टील आहे म्हणून दिसत नाही.

एकच विनंती आहे. कॉलेजात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवीन माणूस कपाट साफ करायला येतं, मला उचलतं, आत बघतं आणि म्हणतं, “ई, किती धूळ!” बाबांनो, ती धूळ नाहीये. तुमच्या पाया पडते, मला घासू नका. ती दातवाली बाई परक्या घरी, फ्रिजवर, शिळं बिस्किट म्हणून पाच तास राहिली. आमच्या मजल्याचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

तरी तिने मला रिकामं परत पाठवलं नाही.